आयुधपूजेनंतर पंखा फिरेना

अरे, आमच्या पंख्याचं ऐका. मी घरी जोडलेला रिमोटचा पंखा दसऱ्यातल्या आयुधपूजेनंतर फिरेचना. रिमोट उघडून तारांना पुन्हा सोल्डरचे डाग दिले, तरी ढिम्म. शेवटी पंखे दुरुस्त करणाऱ्या होसकोट्याच्या अण्णाला फोन लावला.

“स्वल्प थांब. रिमोट सेल्फीच्या कॅमेऱ्यासमोर धर आणि बटण दाब.”

दाबलं, आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारा जांभळा उजेड मोबाइलमध्ये लुकलुकला! अण्णाला तसं सांगितलं.

“म्हणजे रिमोट सरी आहे, ठीक आहे. आता पंख्याची डबी बघ.”

बघतो तर, रिमोटचा उजेड टिपणाऱ्या काळ्या भिंगावरच आईनं हळदकुंकू लावलेलं! पुसलं, पंखा फिरला.

आई मात्र मोबाइलकडेच बघत होती. “इतका उजेड रोज घरात होता, आणि आपल्याला दिसलाच नाही?” म्हणाली, आणि कुंकवाचा करंडा घेऊन रिमोटकडे वळली.