झोपून करायचा व्यायाम

विठाबाई : आन् ह्याला व्यायाम म्हंत्यात? सतरंजीवर उताणं पडायचं, गुडघं वर, डोळं मिटून गप. घाम न्हाई, धाप न्हाई. असला व्यायाम आमची म्हैस रोज दुपारी करती.

गौतमी : आत्या, तो बाहेरनं दिसत नाही. आतनं करायचा असतो.

विठाबाई : आतनं म्हंजी कुठनं?

गौतमी : लघवी धरतो ना आपण, तसं आत ओढून घ्यायचं. थोडं थांबायचं, मग सोडायचं. बाळंतपणात तिथले स्नायू ढिले पडतात. म्हणून मला शिंकलं, खोकलं की गळतं.

विठाबाई : आन् हे शिकवाया पुण्याची बाई दौंडच्या दवाखान्यात येती? अगं, आमची उभी हयात धरण्यात गेली. दिवस मावळल्याबिगर बाईला गावाबाहेर जायची सोय न्हवती. सकाळचं आलेलं अंधार पडस्तवर धरायचो. मग मीच बसते की दौंडात खुर्ची टाकून.

गौतमी : दिवसभर असं धरलं की उलट बिघडतं, म्हणाल्या रश्मीताई.

विठाबाई : तुझ्या रश्मीताईला झालंय का एखादं?

गौतमी : लग्नच नाही झालं अजून.

विठाबाई : झालं मग. काठावर बसून पोहाया शिकवती.

गौतमी : त्यांनी पाण्याचं पण विचारलं. मी सांगितलं, आत्यांनी मला माठाला हात लावू दिला नाही.

विठाबाई : लावलंस का माझं नाव तिथंबी? बाळंतिणीला पाणी तोडायचं, ही रीतच हाय. त्यात तू गळकी. गळक्या डब्यात कोण पाणी वतंल?

गौतमी : पाणी तोडून गळायचं थांबलं नाही. नुसती जळजळ मागं लागली, आन् दूध आटलं. पोरगी रडरड रडायची, ती भुकेनं.

विठाबाई : मला काय ठावं. माझ्या सासूनं माझं तोडलं, मी तुझं तोडलं.

गौतमी : मग तुमचं थांबलं होतं?

विठाबाई : माझा इषय कुठनं आला? तुझं बघ. त्या दवाखान्याच्या बाकड्यावर रंगुबाईनं बघितलंय तुला. सगळ्या वस्तीत सांगत सुटंल, विठाबाईची सून मुतरी हाय म्हणून.

गौतमी : सांगू द्या. मला कुरकुंभला परत कामावर जायचंय. गोळ्यांच्या पॅकिंगला शिफ्टभर उभं राहायचं, अंगात पांढरा कोट. सुपरवायझर मधी सोडत नाही. हे असंच राहिलं तर माझी नोकरी गेली.

विठाबाई : गेली तर जाऊदे. महेंद्र हाय की कमावता.

गौतमी : तुमचा ल्योक? काल म्हणाला, तिकडं सरकून झोप, वास येतो. पोरगी त्याची, आन् वास तेवढा माझा.

विठाबाई : असं म्हणाला त्यो?

गौतमी : हसत म्हणाला.

विठाबाई : त्याचा बापबी हसतच म्हणायचा.

(विठाबाई हातातलं सूप खाली ठेवते.)

गौतमी : आत्या, जयंतीला सगळ्या बाया पांढऱ्या साड्या नेसून विहारात पुढं बसतात. तुम्ही एकट्या जांभळी नेसून दारात उभ्या. मला वाटायचं, तुम्हाला पांढरं आवडत नाही. माझं सुरू झालं तवा कळलं.

विठाबाई : लई शानी हायेस.

गौतमी : कवापासनं?

विठाबाई : महेंद्रच्या वक्ताला अडले होते. बाजेवरनं उठले, ती उंबऱ्यातच वल्ली झाले. सासूनं वस्तीला ऐकू जाईल असं सांगितलं, हिला गोणपाट द्या बसाया. तवापासनं मी चारचौघांत बसलेच न्हाई. लग्नात उभी, मयतीला उभी. लोक म्हणायचे, विठाबाई लई कामाची, कधी बूड टेकत न्हाई.

गौतमी : एवढं सोसलं, आन् मलाबी तेच ऐकवता?

विठाबाई : ऐकवते. आमचं आयुष्य गेलं ह्यात, आन् तू पडल्या पडल्या बरी व्हणार. जीव जळतो माझा. आता कळलं? का आणखी फोडून सांगू?

गौतमी : नको. वडापची जीप सुटायची वेळ झाली, दौंडला निघते मी. पोरीला ठेवून जाऊ का?

विठाबाई : ठेवू नगंस. घे तिला. मी येते.

गौतमी : तुम्ही?

विठाबाई : तू तिथं उताणी पडल्यावर पोरीला कोण बघंल, त्यो हसणारा? त्याला म्हणावं भाकरी करून खा आज. आन् हे बघ. त्या बाईला एक इचार. म्हण, आमच्या वस्तीत एक बाई हाय. तिचं पोरगं आता बाप झालंय.

गौतमी : तुम्हीच विचारा की. समोरच असणार त्या.

विठाबाई : मी न्हाई बोलायची. तू इचार.

गौतमी : आन् नाव विचारलं तर?

विठाबाई : नाव न्हाई सांगायचं. उशीर झालाय का, एवढंच इचार.