ह्यांचे पाय आणि ते गाणं

नाही नाही, गाणं वाईट आहे असं मी म्हटलंच नाही! कुणी सांगितलं तुम्हाला? लेकीनं सांगितलं असणार, ‘आईला ते गाणं मुळीच आवडत नाही’ म्हणून. अहो, आवडत नाही कसं? पण दात घासायला जायचं तर गाणं, आंघोळीला निघालं तर गाणं, जेवायला या म्हटलं की परत गाणं... ताटातलं सगळं गार होतं, गाण्यातलं ते ट्रम्पेट काही गार होत नाही! गाणं चांगलंय हो. गाण्याबद्दल माझी तक्रारच नाही. तक्रार कशाबद्दल आहे ते आधी ऐका, मग बोला.

तर आमचे हे. ह्यांना कंपवात झालाय. हात थरथरायचा, त्याची सवय झाली, कप अर्धाच भरायचा की झालं. पण मग पाय थांबायला लागले. थांबायला म्हणजे कसं, तुम्हाला सांगते... माणूस चांगला चालत येतोय, येतोय, आणि स्वयंपाकघराच्या दारात आला की खलास! पाय जमिनीला डिंकानं चिकटवल्यासारखे! वरचा माणूस निघालाय आणि खालचा यायला तयार नाही! मी मागून म्हणते, ‘अहो, चला ना.’ हे म्हणतात, ‘चाललोच आहे.’ कुठे चाललाय? मी मागे अडकलेली, हे दारात रुतलेले, आणि आत दूध उतू जातंय!

हसा, हसा. मीपण हसले होते पहिल्यांदा. दुसऱ्यांदा हे तोंडावर पडले, कपाळाला टाके घालावे लागले. मग नाही हसले.

मग लेकीनं एक फिजिओवाली आणली घरी. लेकीच्याच वयाची, पाठीला पिशवी, पायात हे एवढे जाड बूट. ह्यांना म्हणाली, ‘काका, तुम्हाला गाणी आवडतात?’ ह्यांना! जन्मभर गणित शिकवलेला माणूस हो! शाळेत मुलांचे नाच सुरू झाले की हे मागच्या खोलीत जाऊन पेपर तपासायचे. हे म्हणाले, ‘गाण्यांत मला फारसं कळत नाही.’ ती म्हणाली, ‘तुम्हाला नसेल कळत, पायांना कळतंय का बघू.’ आणि तिनं ते लावलं.

इंग्रजी, जुनं, आमच्या लग्नाच्याही आधीचं असेल. लेक म्हणाली, ‘आई, हे रॉक पण आहे आणि सोल पण आहे.’ मला वाटलं बुटाचा सोल! म्हटलं बरोबर आहे, पायाचीच तक्रार आहे. तर लेक कपाळाला हात लावून म्हणते, ‘आई, सोल म्हणजे आत्मा!’ आत्मा? मग आत्म्याला इतका घाम का फुटलाय? तो गाणारा बाप्या तर असा ओरडतोय, जशी काही जिन्यावरून ट्रंक घसरत खाली येतेय...

आणि हे चालले.

खरं सांगते, दारातून आरपार चालले. ढम् ला डावा, ढम् ला उजवा. त्या पोरीनं नुसतं बोट धरलं होतं. मी ओट्याशी उभी, हातात झारा. लेक खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, तिला काय पाहायचं होतं बाहेर कोण जाणे.

झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा आवाज नाही. लेकीनं माझ्या मोबाईलमध्ये भरून दिलं आणि मोबाईल ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात. म्हणजे नवरा कुठल्या खोलीत आहे ते मला आता ढोलावरून कळतं! गाणं चांगलंय हो, गाण्याबद्दल तक्रारच नाही. आणि ऐकून ऐकून सांगते, साधं नाहीये ते. आधी नुसता ढोल. मग ते जाड तारांचं गिटार येतं, दुंडुं-दुं, दुंडुं-दुं, दुपारची झोप काढून उठल्यासारखं. मग ट्रम्पेट, एकदम दारं-खिडक्या उघडल्यासारखं! मग तो बाप्या. सकाळपासून पाणी प्यायला नाही असा घसा, पण खूश! आणि मागे त्या बायका. तो काहीतरी तक्रार करतो, की ह्या लगेच ‘हूं-हूं, हूं-हूं’... ‘हो बाबा, माहितीये आम्हाला, पुढे बोल!’ लेकीला विचारलं, म्हणतो तरी काय तो? म्हणाली, ‘काही नाही गं, ये, ये, लवकर ये, एवढंच.’ एवढंच? एवढ्यासाठी इतकी माणसं लागली? पण मग माझ्या लक्षात आलं की भाजी चिरताना सुरी त्याच तालात चाललीय. आणि कंबर... जाऊ दे.

पण त्या गाण्यात एक जागा आहे. सगळं एकदम थांबतं. ढोल बंद, ट्रम्पेट बंद, बायका गप्प. आणि मग तो ‘आऽऽव!’ करून किंचाळतो की सगळे परत धावत येतात. ऐकायला काय छान वाटतं! पण ते थांबले की हेपण थांबतात! एक पाय वर! रोज वाटतं, हा किंचाळला नाही तर?

आणि एक दिवस नाहीच किंचाळला.

डॉक्टरांकडे निघालो होतो. रस्ता ओलांडत होतो, ऐन मध्यावर, खिशात गाणं जोरात, पाय मजेत... आणि माझ्या नणंदेला नेमका तेव्हाच फोन करायचं सुचलं! गाणं बंद, घंटी सुरू. हे जागच्या जागी खिळले. मी ह्यांच्या खिशातून फोन काढला, तर तो चुकून उचलला गेला, आणि आतून नणंद, ‘वहिनी, काय चाललंय?’ काय चाललंय? काहीच चालत नाहीये हो, तेच तर! सिग्नल सुटला. समोरून बस, शेजारून टेंपो, हॉर्न, शिव्या... ‘ओ आजोबा, मरायचंय का?’ मी ओढतेय, हे हलेनात. चेहरा कोरा, नुसते डोळे माझ्याकडे. ते डोळे मी कधी विसरणार नाही. पाण्यात पडलेल्या माणसाचे असतात तसे.

मग मी काय केलं? गायले! रस्त्याच्या मधोमध! ह्यांचे दोन्ही हात धरले, तोंड ह्यांच्याकडे, पाठ बसकडे, आणि ढम्-टका-ढम्! दुंडुं-दुं! पॅंपॅं-पॅऽऽ! घसा फाटेस्तोवर! मागच्या बायकापण मीच, हूं-हूं, हूं-हूं! आणि तिकडे फोनमधून नणंद, ‘वहिनी? अहो वहिनी, बरं वाटतंय ना?’ बसवाल्यानं हॉर्न सोडला आणि बसच्या दारावर हातानं ताल धरला हो! ढम्, ढम्. आणि ह्यांचा डावा पाय उचलला गेला. मग उजवा. मी उलटी चालतेय, हे सुलटे, आणि फुटपाथ आला तेव्हा ह्यांनी, तुम्हाला सांगते, माझा हात वर धरला आणि मला एक गिरकी दिली. ह्यांनी! मला!

मी तिथेच कठड्यावर बसून ढसाढसा रडले. आणि हे शेजारी उभे राहून म्हणतात, ‘अगं, ट्रम्पेट दोनदा असतं. तू एकदाच केलंस.’

गणिताचा मास्तर!

डॉक्टरांना म्हटलं, गाण्यानं चालतात हो हे, आता काळजी नाही ना? ते ह्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, ‘आज चालतात. आजार आपल्या गतीनं पुढे जाणारच. एक दिवस गाण्यालाही पाय ऐकणार नाहीत.’ मी विचारलं, ‘मग?’ म्हणाले, ‘तोवर रोज नाचू दे त्यांना. पण कुणीतरी धरायला हवं.’

कुणीतरी म्हणजे कोण? घरात आहे कोण? लेक कामावर, फिजिओवाली आठवड्यातून एकदा. परवा संध्याकाळी हे खुर्चीत बसले होते, म्हणाले, ‘लाव ना ते.’ म्हटलं, ‘कुठे जायचंय?’ म्हणाले, ‘कुठे नाही.’ कुठे नाही! आता जायचं नसलं तरी गाणं! टेबल सरकवलं, ह्यांना धरलं, नाचलो. पायावर पाय देतात, अंगठ्याचं नख काळं झालंय माझं. आणि त्या किंचाळीला मी जरा जोरात वळले, तर गुडघ्यात कट्ट!

ह्यांना घेऊनच गेले त्याच डॉक्टरांकडे. गुडघा दाबून पाहिला, म्हणाले, ‘पूर्ण विश्रांती. नाचबिच तर अजिबात नाही.’ म्हटलं, अहो, ह्यांना रोज नाचवा म्हणून तुम्हीच सांगितलंत, मग धरायला कुणाला सांगू? त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘एक काठी घ्या.’

कुणासाठी, ते काही बोलले नाहीत. मीपण विचारलं नाही. एक आणून ठेवलीय कोपऱ्यात... ज्याला आधी लागेल त्याची.