अर्ध्या क्षणाचा उशीर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, शाळेच्या मुख्याध्यापिका, माझ्या डाव्या हाताला बसलेल्या आणि मी आता काय काय बाहेर काढणार याची धास्ती घेतलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या बाई, त्यांच्या शेजारच्या खुर्चीतल्या मावशी, ज्यांची ओळख मी मुद्दाम जरा उशिरा करून देणार आहे, माझं प्रत्येक वाक्य हातांनी सांगत उजवीकडे उभ्या असलेल्या दुभाषी ताई, समोर बसलेले पालक, शिक्षक, आजी-माजी विद्यार्थी, आणि आत जागा आहे का हे दारातून डोकावून बघणारे शाळेचे रखवालदार काका! आहे जागा, या.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी वक्ता नाही. जुन्या चित्रपटांच्या संग्रहालयात मी फिती दुरुस्त करतो. सत्तावीस वर्षं माझ्यासमोर फक्त फीत असते आणि ती उलटून बोलत नाही. त्यामुळे एवढी माणसं एकदम समोर बघून मी हातातला कागद घट्ट धरून ठेवला आहे. मुलांना एक सांगून ठेवतो. माझ्या एखाद्या वाक्यावर मोठ्यांच्या आधी तुम्ही हसलात, तर विनोद माझा नव्हता, ताईंनी तो दुरुस्त करून सांगितला असं मी समजेन.

बघा, हसलीच.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पाडायला काढलेल्या एका थिएटरच्या जिन्याखाली दहा डबे सापडले आणि आमच्याकडे आले. डब्यांवर नाव होतं ‘सापडलं का?’. तुमच्यापैकी कुणी ऐकलंय? नाही ना? मीही ऐकलं नव्हतं. साठ वर्षांपूर्वी हा चित्रपट नऊ दिवस चालला आणि उतरला. गोष्ट अगदी साधी आणि गोड. हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत एक मुलगी काम करते. एक तरुण हरवलेली छत्री विचारायला येतो, तिला बघतो आणि छत्री विसरतो. मग रोज काहीतरी हरवल्याचं सांगत येतो. मोजे, चष्मा, सायकलची घंटा. शेवटी शेवटी तर शिलाई मशीन हरवल्याचं सांगतो. आता शिलाई मशीन हरवायला ते काय रुमाल आहे? तो रोज विचारतो, ‘सापडलं का?’ आणि ती रोज म्हणते, ‘अजून नाही. उद्या या.’ तिला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक असतं, हे सांगायला नकोच.

चित्र बऱ्यापैकी शाबूत होतं. पण फितीच्या कडेला एक बारीक पट्टी असते, तिच्यात आवाज असतो. दहातल्या सहा रिळांची ती पट्टी बुरशीने खाऊन टाकली होती. संवादांची वही कुठेच मिळाली नाही. माणसं दिसत होती, तोंडं हलत होती आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर.

आमच्याकडे प्रत्येक चित्रपटाची नोंद वहीत करावी लागते. ते काम माझं. मी काय लिहिलं ते शब्दशः सांगतो, कारण आज मी त्याच्यासाठीच उभा आहे. ‘नायिका प्रसन्न. पेन्सिल उभी धरण्याची लकब मोहक. नायक नवखा, अभिनय लाकडी. प्रत्येक वाक्याला अर्धा क्षण उशिरा उत्तर देतो.’ खाली सही ठोकली आणि मोकळा झालो. हे वाक्य लक्षात ठेवा.

मग कुणीतरी सुचवलं की ओठ वाचणारं माणूस शोधा. म्हणून मी एक डबा बगलेत मारून कर्णबधिर मुलांच्या या शाळेत आलो. रखवालदार काकांना वाटलं बिस्किटांचा डबा आहे, त्यांनी मला अगदी प्रेमाने आत सोडलं. बाई वर्गावर होत्या. मी दारात उभा राहिलो आणि संकोचाने तोंडावर हात धरून म्हणालो, ‘जरा काम होतं.’ बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘हात काढा.’

ही आमची ओळख. नाव नाही, गाव नाही. ‘हात काढा. इथे तोंड झाकून कुणी बोलत नाही.’

तेव्हापासून सात महिने, दर शनिवारी शाळा सुटली की बाई आमच्याकडे यायच्या. फीत हाताने पुढेमागे फिरवून बघायचं एक टेबल असतं, त्याच्यावर आम्ही दोघं वाकून बसायचो. मी फिरवायचो, बाई वाचायच्या आणि वहीत लिहायच्या. या कामात त्यांचे दोन शत्रू होते. एक, नायिकेची मैत्रीण, जी सबंध चित्रपटभर काहीतरी चघळत बोलते. आणि दुसरे, नायिकेच्या मामांचं काम करणारे विनोदी नट. काय मिशी होती हो त्या माणसाला! वरचा ओठ नाहीच. बाई चिडून म्हणायच्या, ‘हा माणूस जेवतो कुठून?’ शेवटी मामांचं प्रत्येक वाक्य आम्ही समोरच्याच्या उत्तरावरून अंदाजाने बसवलं. त्या मैत्रिणीचं नि मामांचं पुढे काय झालं, कुणालाच माहीत नाही. पण आज चित्रपट बघाल तेव्हा त्यांना हसून दाद द्या. साठ वर्षांत दिली नाही कुणी.

चौथ्या शनिवारी एक प्रकार घडला. मी मोठ्या रसिकतेने म्हणालो, ‘बघा बाई, कसा बघतोय तिच्याकडे! नजर हलत नाही. याला म्हणतात प्रेम.’

बाई म्हणाल्या, ‘थांबवा. मागे घ्या. अजून मागे.’

मी घेतलं.

‘तो तिच्या डोळ्यांत बघत नाहीये. दोन बोटं खाली बघतोय.’

मी जरा लाजून म्हटलं, ‘आता प्रेमकथा आहे बाई, ओठांकडे बघणारच.’

‘अहो, प्रेमात पडलेला माणूस असा बघत नाही. कामात असलेला बघतो. हा आमच्यातला आहे. याला ऐकू येत नाही.’

मी हसण्यावारी नेलं. बाईंनी मला तिसरं रीळ पहिल्यापासून दाखवलं. आपलंच रीळ, पण मी ते पहिल्यांदा बघत होतो. नायिका एकदासुद्धा त्याच्याशी दुसरीकडे मान वळवून बोलत नाही. फाईल काढताना, खण उघडताना, कपाटाकडे जाताना, तिचं तोंड त्याच्याकडे. आणि त्याच्या पाठीमागून मामा बोलले, की ती हातातली पेन्सिल उभी धरते. पेन्सिल उभी झाली की तो वळतो. दर वेळी. मी जिला मोहक लकब म्हटलं होतं, ती खूण होती. आणि माझा तो अर्धा क्षण? तेवढ्या वेळात हा गडी समोरच्याचं अख्खं वाक्य वाचत होता, अर्थ लावत होता आणि चेहऱ्यावर हसू आणत होता. मी त्याला लाकडी म्हटलं होतं. मला माझीच लाज वाटली.

आता मावशींची ओळख करून देतो. बाईंच्या शेजारी बसलेल्या या मावशी म्हणजे ‘सापडलं का?’ची नायिका. वय अठ्ठ्याऐंशी. दोन चित्रपट केले आणि मग पस्तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. मावशी ही हाक त्यांच्या भाचीची. तिने आम्हाला दार उघडलं आणि आम्हीही तेच उचललं.

मी आणि बाई पत्ता शोधून त्यांच्या घरी गेलो, चहा झाला आणि मी अडाण्यासारखं सरळ विचारलं, ‘तुमच्या नायकाला ऐकू येत नव्हतं ना?’

मावशी म्हणाल्या, ‘छे! त्याला सर्दी झाली होती.’

‘शूटिंग किती दिवस चाललं?’

‘बेचाळीस.’

‘बेचाळीस दिवस सर्दी?’

‘जुनाट होती.’

मी पुढे काही बोलणार, तर बाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. निघताना मावशी दारापर्यंत आल्या आणि बाईंचा हात धरून एवढंच म्हणाल्या, ‘शब्द दिलाय हो मी.’

बाहेर पडल्यावर आमचं भांडण झालं. हो, झालं, आज लपवून काय उपयोग? मी म्हणत होतो, तो माणूस जाऊन बारा वर्षं झाली, आता कसला शब्द? लिहून टाकू, छापून टाकू, निदान त्याच्या नावावरचा डाग तरी पुसला जाईल. बाई म्हणाल्या, ‘तो गेला. पण शब्द दिलेली बाई आहे ना अजून. तिच्या डोक्यावर पाय ठेवून त्याचा मान नाही वाढवायचा.’ मी दोन शनिवार फुगून बसलो. बाई नेमाने येत राहिल्या. चित्रपटाखाली संवादांची अक्षरं बसली, काम पूर्ण झालं आणि नोंदींच्या वहीत माझं ते वाक्य तसंच राहिलं. नायक लाकडी.

गेल्या महिन्यात बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, ‘पहिला खेळ माझ्या चौथीच्या वर्गाला दाखवायचा. अक्षरं नकोत, आवाज नको. नुसतं चित्र. आणि मावशींना आणायचं.’ काही सांगायचं नाही, काही विचारायचं नाही, अशी मला ताकीद.

याच सभागृहात पडदा लावला. मावशी मुलांच्या मागे बसल्या होत्या. तिसरं रीळ सुरू झालं आणि दुसऱ्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली. प्रकाशाच्या झोतात तिचे हात आले आणि त्यांची सावली पडद्यावर पडली. ती नायकाकडे दाखवून हातांनी काहीतरी म्हणत होती. लगेच दुसरा उठला, तिसरी उठली. पडद्यावर नायकाच्या चेहऱ्याभोवती नुसते हातच हात.

मावशींनी विचारलं, ‘काय म्हणतायत ती?’

बाई म्हणाल्या, ‘म्हणतायत, हा आपल्यासारखा आहे.’

 मावशी म्हणाल्या, ‘मी नाही हं सांगितलं.’

‘नाही मावशी. तुम्ही नाही सांगितलंत.’

आणि मग मावशी रडल्या, आणि मीही रडलो. बाई रडल्या नाहीत, कारण त्यांना वर्ग सांभाळायचा होता.

त्या दिवशी मावशींनी सगळं सांगितलं, आणि ते आज इथे सांगायची परवानगीही त्यांचीच आहे. कळलं तर काम मिळणार नाही, म्हणून त्याने शब्द घेतला होता. रोज शूटिंगच्या आधी दोघं मावशींच्या घरी आरशासमोर तालीम करत. दिग्दर्शकाला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. पुढचा चित्रपट मिळाला, पण तिथली नायिका त्याच्याकडे पाठ करून बोलायची. तीन दिवसांत त्याला काढलं. मग तो छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागला आणि तिथेच निवृत्त झाला. यंत्रांचा तिथला गोंगाट त्याला म्हणे अजिबात बाधला नाही.

चित्रपटाच्या शेवटच्या दृश्यात दोघं कचेरीचं दार लावून निघतात. तिथे फक्त संगीत वाजणार होतं, म्हणून दिग्दर्शकाने सांगितलं होतं, काहीही बोला, ऐकू जाणार नाही. नायक तिथे काहीतरी बोलतो. बाईंनी ते केव्हाच वाचलं होतं, पण वहीचं ते पान मला दाखवलं नव्हतं. अक्षरांतही ते घातलं नाही. त्या दिवशी त्यांनी मावशींना विचारलं, ‘काय म्हणाला होता, आठवतं?’ मावशींनी सांगितलं. मग बाईंनी वही उघडली. तेच वाक्य होतं, शब्दाला शब्द. ‘तुम्ही माझ्याकडे बघून बोललात, म्हणून जमलं.’

चौतीस वर्षं या शाळेत शिकवून बाई आता निवृत्त होतायत. मी त्यांचे वर्ग बघितलेत. फळ्यावर लिहिताना त्या गप्प असतात. लिहून झालं की खडू ठेवतात, वळतात आणि मगच बोलतात. घाई असो, परीक्षा असो, बाहेर पालक ताटकळत असोत. फळ्याकडे तोंड करून बोललेलं एक वाक्यही कुणाला आठवत नाही. इथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांनी हात वर करून सांगावं, आठवतं का कुणाला? बघा. एक हात वर नाही.

मावशींबद्दल एक चुगली करतो. त्यांना स्वतःला आता कमी ऐकू येतं. कबूल मात्र करत नाहीत. विचारलं तर म्हणतात, सर्दी झालीय. आता माझ्याकडे रागाने बघतायत, म्हणजे दोन बोटं खाली बघून वाचलं त्यांनी.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, मी आटोपतो. भाषण संपवताना वक्ते काही चुकलं असेल तर पदरात घ्या म्हणतात. बहुतेकांचं काही चुकलेलं नसतं. माझं चुकलं आहे, आणि तेही सहीनिशी. गेल्या सोमवारी मी वहीतली ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, ‘नायकाला ऐकू येत नव्हतं. अर्ध्या क्षणाचा उशीर हा त्याच्या कामाचा भाग आहे. त्याचं काम उत्तम आहे. आधीची नोंद करणाऱ्याने नीट बघितलं नव्हतं.’ त्या माणसाची माफी मागायला तो आज नाही, म्हणून तुमच्या सगळ्यांसमोर मागतो. शाळेने मला बोलावलं, मुलांनी मला शिकवलं, ताईंनी माझे विनोद वाचवले, या सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्यानंतर लगेच चित्रपट सुरू होईल.

बाई, शेवटचं वाक्य तुमच्यासाठी. माझं नाही, त्या नायकाचं उसनं घेतोय. माईक बंद करतो. हातातला कागद खाली ठेवतो. ताई, तुम्हीही हात खाली घ्या. मी ते आवाज न करता म्हणणार आहे. ज्यांना कळणार नाही, त्यांनी शेजारच्या मुलाला विचारावं.