देशपांड्याचा वारा

रविवार, सकाळचे अकरा. सेक्टर २२, आमची गच्ची. खालच्या मजल्यावरच्या देशपांड्याने फोनवर वाऱ्याची दिशा दाखवणारं वातकुक्कुट बनवलं होतं, आणि आमची ही रोज त्याचंच कौतुक करायची. आयुष्यभर बातमीदारी केलेला मी ऐकून घेणार? मीही बनवलं. फिरत्या दांड्याखाली चुंबक, त्याचा कोन मोजणारा सेन्सर आणि तो आकडा वाचून फोनला कळवणारा मायक्रोकंट्रोलर. शनिवारी अचूक चाललं, म्हणून या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळींना चहाला बोलावलं.

वारा सुटला, बाण गरागरा फिरला. फोनवर मात्र पूर्व म्हणजे पूर्वच!

"साहेब, तुमच्याकडे वारा अडकला वाटतं," देशपांडे म्हणाला.

"पापा, अंकलवाला तो चल रहा है," आमची मुलगी.

"अहो, त्यांनाच विचारा ना," ही म्हणाली.

मी खाली वाकून पाहिलं. सेन्सरच्या डबीला टेकवून वातकुक्कुटाच्या लोखंडी खांबावर दुसरंच जाडजूड चुंबक चिकटवलेलं! त्याच्यापुढे सेन्सरला माझं चुंबक दिसणार कसं? मी ते देशपांड्याच्या नाकासमोर धरलं.

"ओळखता?"

"ओळखतो की. तुमच्या फ्रिजवरचं आहे."

खरंच आमचंच होतं. ते गच्चीवर कोणी नेलं, हे घरात अजून कोणी सांगितलेलं नाही.