कंडक्टरीणबाईंचा खांदा

बाळांनो, डोळे मिटा आणि आपण कात्रजच्या एका दवाखान्यात बसलो आहोत असं समजा. बाकावर बसकंडक्टर दीपाली खांदा चोळत बसली आहे. एका बाजूला तिची लेक आम्रपाली, दुसऱ्या बाजूला बँकेतून निवृत्त झालेल्या मंदाकिनीबाई.

“अहो, पंख्याखाली बसूनही केवढा घाम!”

“काही नाही हो मावशी. तिकिटांच्या बॅगेनं डावा खांदा भरून आलाय. मलम घेतलं की ड्यूटीवर जाते.”

“पाणी तरी प्या.”

“ड्यूटी असली की पीत नाही. वाटेत बाथरूम कुठलं?”

“छान! मी खुर्चीत बसून हृदय बिघडवलं, तुम्ही उभ्यानं, पाणी न पिता बिघडवा.”

“माझं हृदय ठणठणीत आहे. दिवसभर उभी असते, व्यायामच की तो!”

“उभं राहून व्यायाम होत असता, तर विजेचे खांब पैलवान झाले असते. मग बोलताना धाप का लागतेय?”

“आई, पण बॅग तर तू उजव्या खांद्यावर अडकवतेस.”

“गप, आमू. येईल आपला नंबर.”

“बॅग उजवीकडे आणि दुखतोय डावा? अगं, हे हृदयाचं दुखणं!” मंदाकिनीबाई म्हणाल्या.

आम्रपाली उठली, सगळी रांग ओलांडून गेली आणि डॉक्टरांचं बंद दार तिनं दोन्ही हातांनी ढकललं.