रोमानच्या गाडीतलं पाणी

ओरेस्त: नळ ठिबकत कुणी ठेवला होता?

स्तेफा: मी. घरात ठेवतोच की आपण थंडीत. वाहतं पाणी गोठत नाही, हे तूच सांगत आलास.

ओरेस्त: घराची मोरी जमिनीखालून जाते. या चाकांवरच्या घराची, मोटरहोमची, बाहेर हवेत लोंबकळते. थेंब थेंब खाली गेला आणि पाईपातच बर्फ होऊन बसला. ये बाहेर, बघ. काठीसारखा उभा राहतोय. कोल्हे हाकलता येतील त्यानं.

स्तेफा: हाकल मग.

ओरेस्त: तू आतच थांब. आज गाडीतलं पाणी काढून ती बंद करायची, ठरलंय आपलं.

स्तेफा: तुझं ठरलंय.

ओरेस्त: रेडिओनं ठरवलंय. उद्या उणे चाळीस. उणे चाळीसला गाडी तापवणाऱ्या शेगडीचा प्रोपेन गॅस बाटलीतच बसून राहतो, नळीत यायचं नाव घेत नाही. शेगडी विझणार आणि सकाळपर्यंत सगळे नळ फुटलेले असणार. हिवाळाभर रिकामी गाडी तापवतोय आपण. मी काही बोललो?

स्तेफा: रोज बोललास.

ओरेस्त: बरं, रोज बोललो. गिझर रिकामा केलाय. आता कॉम्प्रेसर लावून पाईपात हवा सोडतो. तू एकेक नळ उघडायचा. पाणी संपून नुसती हवा आली की बंद. आवाजात मला काही ऐकू येणार नाही, भिंतीवर थाप मार.

स्तेफा: कुठला आधी?

ओरेस्त: स्वयंपाकाचा. गरम. लावतो.

स्तेफा: आला. थुंकतोय नुसता. रोमानचा कप इथंच आहे बघ, ओरेस्त. उन्हाळाभर आपलं पोरगं या डब्यात राहिलं आणि धुतलेला कप पालथा ठेवून गेलं. घरात असताना कधी एक चमचा धुतला नाही. ऐकू येतंय का रे तुला? नाही ना? बरं आहे.

ओरेस्त: थाप का नाही मारलीस? केव्हाची हवा येत असेल.

स्तेफा: विसरले.

ओरेस्त: आता थंड. लावू?

स्तेफा: लाव. तू त्याला तारीख दिलीस. पाणी गोठायच्या आत निघ, गाडी बंद करायचीय म्हणालास. भाडेकरूला सांगावं तसं. आणि मी घराचं दार उघडलं नाही. तुझ्या आईच्या बांगड्या विकल्या, तुझं वेल्डिंगचं मशीन विकलं, उद्या आपल्यालाही विकेल, या घरात पाय ठेवायचा नाही, असं मीच म्हणाले. तारीख तू, दार मी. मग जाणार कुठं होता तो? झालं. हवा आली. थाप मारतेय, ऐक.

ओरेस्त: ऐकलं. पुढचा बाथरूमचा.

स्तेफा: शहरात, एडमंटनला, परत एकदा फोन कर.

ओरेस्त: कुणाला? त्याचा नंबर बंद आहे. बेघरांच्या निवाऱ्यावाले आत कोण आहे ते सांगत नाहीत. पोलीस म्हणतात, सज्ञान माणूस आहे, आपल्या मर्जीनं गेलाय.

स्तेफा: मर्जीनं.

ओरेस्त: ते म्हणतात. मी नाही म्हणत.

स्तेफा: तुझा भाऊ काय म्हणाला काल?

ओरेस्त: वासिल काहीही बोलतो.

स्तेफा: सांग ना.

ओरेस्त: ख्रिसमसच्या आदल्या रात्री टेबलावर जास्तीचं ताट असतंच, म्हणाला. रोमानसाठी समजा.

स्तेफा: ते ताट मेलेल्यांचं असतं.

ओरेस्त: वाटसरूचंही असतं. आई वाटसरूचं म्हणायची.

स्तेफा: तुझी आई मुलांना घाबरवायचं नाही म्हणून तसं म्हणायची. आमच्या घरी सगळ्यांना माहीत होतं ते कुणाचं. मी नाही मांडणार या वर्षी.

ओरेस्त: रीतीचे बारा पदार्थ करणार आणि ताट नाही मांडणार?

स्तेफा: पदार्थही नाही करणार.

ओरेस्त: ठीक. दोन अंडी उकडून खाऊ.

स्तेफा: त्या रात्री उपास असतो, अंडं चालत नाही.

ओरेस्त: स्तेफा, बाथरूमचा नळ.

स्तेफा: लाव.

ओरेस्त: या वेळी गप्प होतीस.

स्तेफा: तुला कसं कळलं?

ओरेस्त: खिडकी उघडी आहे. आणि कॉम्प्रेसर जुना असला तरी इतका काही ओरडत नाही.

स्तेफा: म्हणजे सगळं ऐकलंस.

ओरेस्त: तारखेचं ऐकलं.

स्तेफा: मग बोल काहीतरी.

ओरेस्त: काय बोलू? मला वाटलं, गाडी बंद करायला म्हणून तो माझ्याबरोबर थांबेल. दरवर्षी तोच आत नळांपाशी असायचा, मी बाहेर. तारीख सांगितली की विचारेल, बाबा, मग मी कुठं जाऊ? मग त्याला घरात घ्यायला मी तुझ्याशी भांडलो असतो. तयारी करून ठेवली होती मी भांडणाची. त्यानं विचारलंच नाही. बरं म्हणाला आणि पिशवी भरायला लागला.

स्तेफा: तू मला सांगायचंस.

ओरेस्त: तू भांडली असतीस.

स्तेफा: हरले असते रे. इतकं काही लागलं नसतं मला हरवायला.

ओरेस्त: थंडी आत येतेय. खिडकी लाव.

स्तेफा: राहू दे. काय उरलंय?

ओरेस्त: संडासाचं पाणी सोड. मग ती न गोठणाऱ्या गुलाबी औषधाची बाटली घे, प्रत्येक मोरीत ओत. बाकीचं मी पंपानं पाईपात भरतो.

स्तेफा: हे विषारी नाही ना?

ओरेस्त: नाही. कडू असतं.

स्तेफा: तो आला तर आधी नळच उघडेल. लहानपणापासून बाहेरून आला की आधी पाणी.

ओरेस्त: गुलाबी येईल.

स्तेफा: मग कळेल त्याला, आपण त्याची गाडी बंद केली.

ओरेस्त: मग घराकडे येईल. अंगण ओलांडायचं फक्त.

स्तेफा: नाही यायचा. मी त्याच्या तोंडावर कुलूप लावलं होतं.

ओरेस्त: हल्ली दाराला कुलूप नसतं. पहिला बर्फ पडला तेव्हापासून मी लावत नाही.

स्तेफा: माहीत आहे. तू झोपलास की मी उठून बघते.

ओरेस्त: आणि लावतेस?

स्तेफा: नाही. उघडं आहे ना, एवढंच बघते.

ओरेस्त: मग झालं तर.

स्तेफा: त्याला कुठं माहीत आहे, ओरेस्त.