अपोलोनियाचं लाकूड

१५२४ साली झुरिकच्या नगरसभेने चर्चमधली मूर्तिपूजा बंद करून हुकूम काढला होता : ज्यांच्या घराण्याने चर्चला संतांच्या मूर्ती दिल्या, त्यांनी त्या परत न्याव्यात, उरलेल्या फोडल्या जातील. चर्चच्या दाराशी लागलेल्या रांगेत माझ्यापुढे एक कुंभार गालाला फडकं बांधून उभा होता, सोबत त्याची बायको. मी पुस्तकात डोकं घातलं होतं, पण कान कुठे घालणार?

"आजोबांची अपोलोनिया आज भट्टीत जाणार, रेगुला."

"अहो, दातदुखी बरी करणारी संत आहे ती."

"लाकूड आहे ते! नवे उपदेशक काय सांगतात? मागायचं ते थेट देवाकडे मागा. मधे हे दलाल कशाला?"

"मग मागितलंत ना थेट? पहाटेपासून दाढ धरून ओरडताय."

"ओरडत नव्हतो. प्रार्थना करत होतो."

"शेजारीण विचारून गेली, डुक्कर कापताय का म्हणून."

"तू पण ना!"

"बरं, घरी गेल्या गेल्या मीच टाकते तिला भट्टीत."

"आजच?"

"लाकूडच ना?"

"लाकूडच गं. पण ओलं असेल."

"तुमच्या आजोबांच्या वेळचं लाकूड अजून ओलं?"

"चर्चमध्ये दमट असतं. दाढेचा ठणका जरा उतरू दे, मग बघू."

तेवढ्यात त्यांची मूर्ती बाहेर आली. रेगुलाने ती मानेला धरून ओढली.

"अगं, हळू!" कुंभार कळवळला. "तिला लागेल!"